जपानी पद्धतीच्या उद्यानात डबा कुठे उघडायचा? (नाशिकहून पुण्याच्या एका दिवसाच्या सहलीची हकिगत)

कुंदकळी

मंडळी, नाशिकहून पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानात निवांत दिवस घालवण्याचा विचार कोणी करत असेल, तर आमच्या अर्ध्या फसलेल्या सहलीची हकिगत उपयोगी पडावी म्हणून हा धागा काढत आहे. सिंहगड रस्त्यावरचे हे उद्यान पुणे आणि जपानमधील ओकायामा या शहरांच्या मैत्रीची खूण म्हणून उभारलेले आहे. ओकायामातील कोराकुएन हे तीनशे वर्षांपूर्वीचे उद्यान समोर ठेवून त्याची आखणी केली आहे. ते सुमारे १० एकरांवर पसरलेले असून २००६ साली लोकांसाठी खुले झाले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे साडेपाच वाजता आम्ही इंदिरानगरहून निघालो. सोबत यजमान, बहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि सहावीत शिकणारी मुलगी होती. आदल्या रात्री दशम्या केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी आणि बटाट्याची सुकी भाजी होती, पिंपळगावच्या ओळखीच्या बागेतली दोन किलो द्राक्षे होती, आणि गाडीच्या डिकीत घरातली सर्वांत मोठी सतरंजी घडी करून ठेवलेली होती. आमच्या डोक्यातले चित्र असे होते की तळ्याकाठी सतरंजी अंथरायची, डबे उघडायचे, जेवून सासूबाईंनी जरा आडवे व्हायचे, मुलीने मासे बघायचे आणि ऊन उतरल्यावर परतीचा रस्ता धरायचा.

हे चित्र दोन ठिकाणी फाटले. नारायणगावला चहा आणि चाकणला वाहनांची रांग, असे करत आम्ही सव्वाअकरा वाजता दाराशी पोहोचलो, तर दार बंद होते. उद्यान सकाळी काही तास आणि मग थेट संध्याकाळी चारनंतर उघडे असते, ही साधी गोष्ट आमच्यापैकी एकानेही आधी पाहिली नव्हती. चूक सर्वस्वी आमची होती. जवळच राहणाऱ्या मावसनणंदेला फोन केला, तिने अर्थातच घरी बोलावले, आणि आमची तळ्याकाठची पंगत तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसली. दुपारी सगळे झोपले. चार वाजता पुन्हा गेलो, तेव्हा प्रवेशद्वाराशीच कळले की खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत आणि हिरवळीवरही चालायचे नसते. सासूबाई म्हणाल्या, "मग ही बाग करायची तरी कशाला? देवघरासारखी लांबून बघायला?"

पुढे जे झाले ते सांगण्यासाठीच खरे तर हे लिहिते आहे. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, ती वळते, आणि वळणापलीकडचे काही दिसत नाही. पाण्याचा आवाज आधी येतो, ओढा नंतर दिसतो. पुलावर आपोआप एकेकाने जावे लागते, त्यामुळे घाईत असलेला माणूसही दुसऱ्यासाठी थांबतो. सासूबाई प्रत्येक बाकावर बसल्या, आणि प्रत्येक बाकावरून त्यांना निराळे काहीतरी दिसत होते. मुलीच्या लक्षात आले की तीन ठिकाणांवरून पाहिलेले तळे तीन निरनिराळी तळी वाटतात, आणि ते पक्के करण्यासाठी ती तीनदा मागे धावली. जे उद्यान झपाझप चालले तर अर्ध्या तासात संपले असते, तिथे आम्हाला दोन तास लागले. पोट भरलेले होते, हातात पिशवी नव्हती, कोणाला वाढायचे नव्हते आणि उष्टी ताटे गोळा करायची नव्हती. सहलीला जाऊन माझे हात असे रिकामे राहण्याची ही माझ्या आठवणीतली पहिलीच वेळ होती.

तेव्हा जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. अशी उद्याने मुळातच बसून खाण्यासाठी नसतात का? आणि नाशिकमध्येच असा निवांतपणा मिळू शकेल अशी जागा आहे का, की त्यासाठी दरवेळी चाकण ओलांडावेच लागेल?

---

गंगापूर_रोडकर

कुंदकळीताई, हकिगत आवडली, पण निष्कर्ष पटला नाही. जाऊन-येऊन चारशे किलोमीटरहून अधिक अंतर कापायचे, हिरवळीवर पाय टाकायचा नाही, डबा उघडायचा नाही, आणि तरीही त्याला निवांतपणा म्हणायचे, हे माझ्यासारख्या माणसाच्या गळी उतरणे अवघड आहे. निवांतपणा म्हणजे चपला काढून गवतावर पाय पसरणे, अशी माझी व्याख्या आहे. सोमेश्वरला धबधब्याशेजारच्या कातळावर बसावे, किंवा गंगापूर धरणाच्या पाणलोटाकडे जाऊन एखाद्या बाभळीखाली सतरंजी टाकावी. तिथे कोणी शिट्टी वाजवत नाही. ज्या बागेत सतरंजी चालत नाही, तिला मी प्रदर्शन म्हणेन.

---

दूरदेशी

नोकरीनिमित्त मी काही वर्षे ओसाका येथे राहिलो आणि त्या काळात कोराकुएनला दोनदा जाण्याचा योग आला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ओकायामाचे सरदार इकेदा त्सुनामासा यांनी १६८७ मध्ये या उद्यानाचे काम सुरू करवले आणि १७०० मध्ये ते मुख्यतः पूर्ण झाले. आसाही नदीच्या पात्रातील बेटावर ते वसलेले असून पलीकडच्या तीरावर ओकायामाचा काळा किल्ला उभा आहे. कानाझावाचे केनरोकुएन, मितोचे काइराकुएन आणि हे, अशी जपानमधील तीन थोर उद्याने मानली जातात. सरदार घराण्याची ही खासगी बाग १८८४ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुली झाली. १९३४ चा पूर आणि १९४५ ची बाँबफेक यांत तिचे पुष्कळ नुकसान झाले, परंतु जुन्या काळातील चित्रे आणि नकाशे जपलेले असल्यामुळे तिची पुन्हा बरहुकूम उभारणी करता आली. बाग जपायची तर तिची कागदपत्रेही जपावी लागतात, हे मला तिथे कळले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कोराकुएन ज्या प्रकारात मोडते, त्या प्रकाराचा अर्थच 'फिरत पाहण्याचे उद्यान' असा आहे. तिथे मधोमध तळे असते, त्याच्याभोवती वाट असते, आणि चालणाऱ्यासमोर एकामागून एक देखावे उलगडत जातील अशा बेताने टेकड्या, झाडे आणि पूल यांच्या जागा ठरवलेल्या असतात. मूळ आखणीत चालणारा माणूस हा एक भागच असतो. तो एका जागी सतरंजी टाकून बसला, तर त्याला दहा देखाव्यांपैकी एकच दिसेल. तुमच्या मुलीने तळे तीन ठिकाणांवरून पाहिले, तेव्हा तिने नकळत त्या बागेचा योग्य तो उपयोग केला.

पण म्हणून तिथे बसायचेच नसते, असेही नाही. कोराकुएनमध्ये र्‍युतेन नावाची एक लाकडी विश्रांतीची जागा आहे, तिच्या तळमजल्याला भिंती नाहीत आणि मधूनच ओढ्याचे पाणी वाहते. त्या पाण्यात निवडक दगड मांडलेले आहेत. मी जूनमध्ये गेलो होतो, हवा अशी दमट होती की सदरा अंगाला चिकटत होता, आणि त्या पाण्याकडे बघत मी सुमारे पाऊण तास बसलो. कुठे बसायचे हे तिथे आधीच ठरवून ठेवलेले आहे, एवढाच काय तो फरक.

खाण्याच्या बाबतीत जपानी माणूस आपल्यापेक्षा मुळीच कमी नाही, हेही गंगापूर_रोडकरांना सांगितले पाहिजे. वसंत ऋतूत चेरीची झाडे फुलली की तिथे 'हानामी' असते. लोक झाडांखाली प्लास्टिकच्या निळ्या चादरी अंथरतात, चपला कडेला ओळीने काढून ठेवतात आणि भाताचे मुटके, भाज्या, मासे यांचे डबे उघडतात. मोक्याची जागा मिळावी म्हणून कार्यालयातील सर्वांत नवीन कर्मचाऱ्याला सकाळपासून चादरीवर राखण बसवतात. एका वर्षी ती राखण मीच केली आहे.

मात्र हे सारे बहुतेक मोकळ्या सार्वजनिक बागांमध्ये आणि नदीकाठी चालते. तोक्योच्या शिंजुकु ग्योएन या उद्यानाचे उदाहरण यासाठी चांगले आहे. ५८ हेक्टरांहून मोठ्या या उद्यानात फ्रेंच पद्धतीचा, इंग्रजी पद्धतीचा आणि जपानी पद्धतीचा असे तीन भाग आहेत. लोक डबे घेऊन इंग्रजी पद्धतीच्या विस्तीर्ण हिरवळीवर बसतात आणि जेवण झाले की जपानी भागात फिरायला जातात. दारू मात्र तिथे अजिबात चालत नाही. म्हणजे तुमच्या नणंदेची गॅलरी ही तुमची इंग्रजी हिरवळ झाली, असे समजा.

---

कुंदकळी

दूरदेशी, हा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. राखण बसवण्याचा भाग त्यांना फार आवडला. जत्रेत बैलगाडीखाली जागा धरण्यासाठी लहानपणी त्यांनाही असेच बसवत असत, असे त्या म्हणाल्या.

---

सातपूरची_सून

व्यावहारिक प्रश्न विचारते. माझ्या आईचे दोन्ही गुडघे दुखतात आणि धाकटा मुलगा तीन वर्षांचा आहे. चढ-उतार किती आहे? पाण्याकाठी कठडे आहेत का? लहान मुलांना खेळायला घसरगुंडी वगैरे नसेल, तर तीन वर्षांचे मूल दोन तास काय करील?

---

कुंदकळी

सातपूरची_सून, चढ-उतार आहेत, पण मुख्य वाट आई सावकाश चालू शकतील अशी आहे. सासूबाईंनी काठी घेतली होती आणि उंच कमानीच्या पुलावर त्या गेल्या नाहीत, खालून वळसा घेतला. पाणी जागोजागी अगदी वाटेच्या जवळ येते, त्यामुळे मुलाचा हात सोडू नका. घसरगुंडीची अपेक्षा ठेवून जाऊ नये. आमच्या पुढे असेच एक लहान मूल होते. ते माशांपाशी बराच वेळ रमले आणि त्यानंतर त्याने भोकाड पसरले. अशा वेळी एका मोठ्या माणसाने मुलाला घेऊन बाहेर यायची तयारी ठेवावी, म्हणजे उरलेल्यांचे फिरणे होते. वेळा आणि प्रवेशाचे नियम बदलू शकतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या वेळांची खात्री करून घ्या. आमच्यासारखे दारात उभे राहू नका.

---

चहाटळ

हे तेच जपानी तंत्र का, ज्यात लहानशा जागेत दाट जंगल वाढवतात? आमच्या वसाहतीत तसे एक केले आहे. तिथे सहल काय, मांजरसुद्धा आत शिरू शकत नाही.

---

माळीबुवा

चहाटळ, तुम्ही म्हणता ती मियावाकी पद्धत. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती रूढ केली आणि तिचा हेतू स्थानिक झाडांचे दाट वन लवकर उभे करणे हा असतो. तिथे माणसाने शिरणे अपेक्षितच नाही, त्यामुळे मांजराला दोष देऊ नका. बोन्साय ही आणखी तिसरी गोष्ट आहे, ती कुंडीतली. रोपवाटिकेत येणारी निम्मी गिऱ्हाइके 'जपानी' म्हणताना या तिन्हींची एकत्र मोट बांधतात.

---

पायवाट

वास्तुरचनेचा व्यवसाय करत असल्यामुळे काही गोष्टींची भर घालतो. या उद्यानांमधला निवांतपणा योगायोगाने आलेला नसतो, तो घडवलेला असतो.

पाण्यातून किंवा हिरवळीतून जाणारे सुटे दगड हे त्याचे सोपे उदाहरण आहे. ते मुद्दाम थोडे वेडेवाकडे आणि कमी-जास्त अंतरावर ठेवलेले असतात. त्यावरून चालताना पायाखाली बघावेच लागते, मान खाली जाते, बोलणे थांबते. मग मध्येच एक मोठा, सपाट दगड येतो, त्यावर दोन्ही पाय नीट टेकतात, माणूस मान वर करतो आणि नेमका त्या जागी देखावा असतो. आपण केव्हा खाली पाहायचे आणि केव्हा वर, हे दगड मांडणाऱ्याने ठरवलेले असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरी युक्ती लपवण्याची. क्योतो येथील र्‍योआनजी मंदिराच्या कोरड्या बागेत पांढऱ्या खडीवर पंधरा दगड आहेत, पण समोरच्या ओसरीवर तुम्ही कुठेही बसा, एखादा तरी दगड दुसऱ्याच्या आड जातोच. सगळे एकदम दाखवायचे नाही, हे त्या परंपरेत पुरते मुरलेले आहे. आपल्याकडच्या नव्या बागांमध्ये नेमके उलटे होते. फाटकातच कारंजे, त्यामागे पुतळा, त्यामागे रंगीत दिवे, आणि सगळे फाटकातूनच दिसत असल्यामुळे आत जाण्याचे कारण उरत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे उसना देखावा. कुंपणापलीकडचा डोंगर किंवा बुरूज आपल्याच बागेचा भाग वाटावा अशा रीतीने झाडांच्या फटी ठेवायच्या. कोराकुएनमधून दिसणारा ओकायामाचा किल्ला असाच उसना घेतलेला आहे. या एका बाबतीत नाशिक श्रीमंत आहे. पांडवलेणीच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यानात उभे राहिलात तर त्रिरश्मीचा अख्खा डोंगर, चोवीस लेण्यांसह, फुकट उसना मिळतो. दगडासाठीही आपल्याला कोणाच्या दारात जावे लागणार नाही. काळाराम मंदिर ज्या काळ्या पाषाणाचे बांधले आहे तो आपल्या पायाखालीच आहे. जपानमधील उद्यानरचनेवरच्या अकराव्या शतकातल्या एका जुन्या ग्रंथाचे सांगणे असे की, पहिला दगड ठेवा आणि पुढचा दगड कुठे ठेवायचा ते त्या पहिल्या दगडालाच विचारा. आपल्याकडे हा प्रश्न कंत्राटदाराला विचारतात.

---

गंगापूर_रोडकर

पायवाट, शेवटच्या वाक्याबद्दल चहा माझ्याकडून. पण तुमचेच म्हणणे तुमच्यावर उलटते आहे. जी बाग माझी मान कधी खाली घालायची आणि कधी वर करायची तेही ठरवते, तिथे मी विसावणार कसा? हा तर शाळेचा तास झाला.

---

अण्णा_पंचवटी

मी या धाग्यावर उशिरा आलो. वय पंच्याहत्तर. हानामीचे वर्णन वाचून आवळीभोजनाची आठवण झाली म्हणून लिहितो.

कार्तिक महिन्यात, शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंतच्या दिवसांत, आवळ्याच्या झाडाखाली जेवण्याची आपली पद्धत होती. आमच्या लहानपणी पंचवटीतली पाच-सात कुटुंबे मिळून तपोवनाच्या बाजूला जात असत. आधी झाडाची पूजा व्हायची, बायका बुंध्याला सूत गुंडाळायच्या, मग चुली पेटायच्या आणि मग पत्रावळी. झाडाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणाच्याही पानात काही पडत नसे. आम्ही मुले भुकेने कासावीस होऊन त्या झाडाकडे टक लावून बघत राहायचो. झाडाकडे इतका वेळ पाहणे त्यानंतर आयुष्यात झाले नाही.

सांगायचा मुद्दा असा की, आधी बघणे आणि मग जेवणे हा क्रम आपल्याला परका नाही. दूरदेशी यांना एक विचारतो. कोराकुएन या शब्दाचा अर्थ काय?

---

दूरदेशी

अण्णा, प्रश्न नेमका विचारलात. 'को' म्हणजे नंतर, 'राकु' म्हणजे आनंद आणि 'एन' म्हणजे बाग. राज्यकर्त्याने लोकांच्या आधी चिंता करावी आणि लोकांच्या नंतर आनंद घ्यावा, अशा अर्थाच्या एका जुन्या चिनी वचनावरून हे नाव १८७१ मध्ये दिले गेले. मितोच्या काइराकुएनचे नाव याच्या शेजारी ठेवून बघा. तिथल्या तोकुगावा नारिआकी यांनी १८४२ मध्ये ती बाग केली ती प्रजेसोबत आनंद घेण्यासाठी, आणि नावातही 'सोबत' हाच अर्थ आहे. तिथे आलुबुखारच्या जातीची हजारो झाडे आहेत आणि थंडी सरता सरता त्यांचा बहर पाहायला गर्दी लोटते. गंगापूर_रोडकरांनी जपानला गेल्यास आधी मितोला जावे, असे सुचवतो.

---

माळीबुवा

कुंदकळीताईंचा दुसरा प्रश्न मागे पडला आहे. नाशिकमध्ये असे काही होऊ शकेल का? तीस वर्षे रोपे विकतो आहे, त्या अनुभवावरून सांगतो.

होईल, पण जपानची नक्कल करायला गेलात तर पहिल्याच उन्हाळ्यात हात पोळतील. तिकडे हवेत पुष्कळ काळ ओल असते, म्हणून दगडांवर शेवाळ गालिच्यासारखे पसरते. आपल्याकडे पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला तसे दृश्य दिसते खरे, पण शहरात मार्चपासून हवा कोरडी होते आणि शेवाळाची राख होते. चेरीचेही तेच. तिला हिवाळ्यात सलग कडाक्याची थंडी लागते, आपली निफाडची थंडी कितीही गाजलेली असली तरी ती तेवढी टिकत नाही.

मग काय लावावे? फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळून नुसता गुलाबी होणारा टॅबेबुया लोकांना आवडतो, तो परदेशी आहे पण इथे रुळला आहे. मला विचाराल तर मी पळस आणि पांगारा लावीन. दोन्ही आपले, दोन्ही पान झडल्यावर पेटतात, आणि फुलांखाली पडलेला केशरी सडा गोळा न करता तसाच ठेवला तर त्याच्यासारखी सतरंजी नाही. एप्रिल-मे मध्ये बहावा आहेच. तळ्याकाठी मानवेल बांबूची दोन बेटे, दगडांच्या सावलीत नेचे, आणि शेवाळाच्या जागी बुटके गवत.

खरी अडचण निराळीच आहे. जपानी बाग लावण्याला जेवढी अक्कल लागते, त्याच्या दसपट ती राखायला लागते. तिथले माळी पाइनच्या झाडाच्या जुन्या सुया हाताने खुडतात, फांदी कुठे वळवायची ते वर्षानुवर्षे ठरवत राहतात. आपल्याकडे छाटणी म्हणजे वर्षातून एकदा मशीन फिरवून मेंदीच्या कुंपणाचा ठोकळा करणे. पाण्याचेही तसेच आहे. पुण्याच्या उद्यानाला शेजारच्या कालव्याचे पाणी मिळते, म्हणून तिथला ओढा ओढ्यासारखा वाहतो. पंपाने फिरवलेले पाणी वीज गेली की थांबते आणि चार दिवसांत हिरवे होते. जागा शोधायचीच असेल, तर आधी वरून उताराने येणारे पाणी कुठे आहे ते शोधा. आपल्या गंगापूर धरणातून डावा कालवा निघतो. त्याच्या काठाने एखादा उतार मिळाला, तर अर्धे काम झाले.

---

पायवाट

माळीबुवांशी शंभर टक्के सहमत आहे. एक दुरुस्ती नव्हे, पण पुस्ती जोडतो. पाणी अजिबात नसेल तर कोरडी बाग हाही पूर्ण मान्य प्रकार आहे. खडी दंताळ्याने ओढून लाटा काढतात आणि दगडांना बेटे मानतात. सिन्नरसारख्या कमी पावसाच्या भागात मला तो अधिक प्रामाणिक वाटेल.

---

सातपूरची_सून

आम्ही मागच्या शनिवारी जाऊन आलो. आदल्या रात्री चिंचवडला दिरांकडे मुक्काम केला आणि सकाळी साडेसहाला उद्यानात होतो. मोठी गर्दी नव्हती, सकाळी फिरायला येणारी माणसे होती, ऊन तिरपे होते. आईने चार बाकांचा मुक्काम केला. धाकट्याने माशांना प्रत्येकी नाव ठेवले आणि मग भूक लागली म्हणून कुंदकळीताईंनी सांगितल्याप्रमाणेच भोकाड पसरले. यजमान त्याला घेऊन गाडीत गेले आणि डब्यातले धपाटे खाऊन दोघेही शांत झाले. तेवढा अर्धा तास आई आणि मी दोघीच होतो. आम्ही काही विशेष बोललो नाही. लग्नानंतर आईसोबत काही न बोलता अशी बसले नव्हते, एवढेच लिहिते.

---

गंगापूर_रोडकर

आता मला गप्प बसणे भाग आहे, तरी बसत नाही. परवा सोमेश्वरला गेलो होतो. शेजारच्या मंडळींनी ध्वनिक्षेपक आणला होता, आणखी पलीकडे कागदी ताटल्या आणि शीतपेयांच्या बाटल्या तशाच टाकून एक गट निघून गेला. शिट्टी वाजवणारा कोणीतरी असावा असे आयुष्यात पहिल्यांदा वाटले. गवतावर पाय पसरण्याची माझी व्याख्या मी मागे घेत नाही, पण त्या गवतावर आधी काय पसरलेले असते याचा विचार मी केला नव्हता हे मान्य करतो.

एप्रिलमध्ये भाच्याच्या लग्नाला पुण्याला जायचे आहे. मुद्दाम चारशे किलोमीटर जाणार नाही म्हटले होते, त्यामुळे शब्द मोडणार नाही. लग्नाचे जेवण दुपारी आहे, उद्यान चारला उघडते.

---

कुंदकळी

गंगापूर_रोडकर, लग्नाचे जेवण झाल्यावर जात असाल तर कमानीच्या पुलाच्या अलीकडे डाव्या हाताला एक बाक आहे, तिथे आधी बसा आणि मग पूल ओलांडा.

आमच्याकडची बातमी अशी की काल आम्ही माळीबुवा आणि पायवाट यांचे ऐकून पांडवलेणीच्या पायथ्याशी गेलो. सासूबाईंच्या हुकुमानुसार डबा घरीच खाऊन निघालो, फक्त पाण्याच्या बाटल्या घेतल्या. तिथे जपानी असे काही नाही, पण सासूबाईंनी स्वतःच नियम घातला की बाक दिसला की बसायचे आणि प्रत्येक बाकावरून निराळे काय दिसते ते एकेकाने सांगायचे. मुलीला तिसऱ्या बाकावरून डोंगरातली लेणी दिसली, जी पहिल्या दोन बाकांवरून झाडांआड होती. चौथ्या बाकावर एक कुटुंब पुरी-भाजी खात बसले होते. त्यांनी आग्रहाने आमच्या हातावर एकेक पुरी ठेवली, तेव्हा नियमाचे काय करायचे ते कोणालाच सुचले नाही. सासूबाईंनी पुरी खाल्ली.

कार्तिकात अण्णांच्या आवळीभोजनासाठी येथील मंडळींनी एकत्र जमावे, असे मनात आहे. झाड कुठे आहे ते अण्णांनी सांगावे. सतरंजी फेब्रुवारीपासून डिकीतच आहे.

---

अण्णा_पंचवटी

तपोवनातले ते झाड आता नाही. मखमलाबाद रस्त्याला एका स्नेह्यांच्या मळ्यात दोन आवळे आहेत, त्यांना विचारून ठेवतो. पत्रावळी मी आणीन.